रात्रनिवारा बघायचा असेल तर सकाळी सहाला जा

नागपुरातल्या मध्यवस्तीतला एक बेघर निवारा. इमारत सरकारी, चालवायला संस्था. नाव देत नाही, कारण इथल्या खोडी या एकाच निवाऱ्याच्या नाहीत. बघायला येणारे रात्री नऊला येतात, अंथरलेल्या गाद्यांचे फोटो काढतात आणि खूश होऊन जातात. त्या वेळेला तो चांगलाच दिसतो. खरी परीक्षा सकाळी सहाला.

आधी जागा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मापाप्रमाणे माणशी ५० चौरस फूट हवेत, म्हणजे ५० जणांना २,५००. सहा बाय तीनची खाट त्यातले १८ खाते. उरलेल्यात वाट, सामान, चपला. टेप न्यायची गरज नाही. दोन खाटांमधून भरलेली बादली घेऊन सरळ चालता आलं पाहिजे. इथे अंग चोरून जावं लागतं.

गाद्यांना रेक्झिनचं कव्हर आहे, हे बरं. ओलं झालं तरी पुसून निघतं. पण कोपऱ्यातली शिवण उलटून बघा. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले की समजा ढेकूण. लोखंडी खाटेला ढेकूण लागत नाहीत असं म्हणतात, ते खरं नाही. पाइपांची तोंडं उघडी असली की ते आतच बिऱ्हाड करतात. एका फवारणीत मोठे मरतात, अंडी उरतात. दोन आठवड्यांनी दुसरा हात मारला नाही तर पहिल्या फवारणीचे पैसे पाण्यात. संडास-बाथरूम ठीक, पाणी पुरेसं.

मोठी खोट गेटची. रात्री दहाला कुलूप. मंगल कार्यालयांत वाढपी म्हणून जाणारी पोरं सुटतातच एक वाजता, त्यांच्यासाठी हा निवारा नसल्यासारखाच. भंगार वेचणाऱ्याला पोतं आत नेऊ देत नाहीत. बाहेर ठेवलं तर दिवसभराची मजुरी गेली. नवरा-बायको असतील तर दोघं दोन हॉलमध्ये. मग रिकाम्या खाटा दाखवून ‘यांनाच यायचं नसतं’ म्हणायचं! गेटजवळ जाळीची एक खोली आणि तिला कुलूप, एवढ्यात पोत्यांचा प्रश्न मिटतो.

सकाळी सहाला झाडलोटीच्या नावाखाली सगळे बाहेर, परत प्रवेश संध्याकाळी सातला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलेले निवारे चोवीस तास, बारा महिने उघडे राहणारे होते, लाख वस्तीमागे एक. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं. हिशेब तुम्हीच करा. एका निवाऱ्याला तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक धरलेत ते त्याचसाठी. माणूस कमी पडला की कात्री दिवसाच्या पाळीला लागते. डिसेंबरात ब्लँकेटं वाटायला सगळे पुढे येतात, पण नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ ला टेकतो तेव्हा सावलीची गरज दुपारी बाराला असते, आणि तेव्हा गेट बंद.

दिवसा बाहेर काढलेला माणूस उन्हाच्या तोंडी जातो तसाच कायद्याच्याही. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंध कायद्यात हात पसरायचीही गरज नाही. उपजीविकेचं साधन दिसत नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबणं, हेही व्याख्येत बसतं. पोलिसांना वॉरंट लागत नाही. ठपका बसला तर पहिल्या खेपेला भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये सी-२० परिषदेच्या (जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या) तोंडावर पोलिसांनी कलम १४४ लावून चौकाचौकांतल्या भीक मागण्यावर बंदी आणली होती. तेच कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे. तेव्हा निवाऱ्याने सकाळी ज्यांना बाहेर काढायचं, त्यांनीच दिवसभर चौकात दिसायचं नाही, असा हा प्रकार.

कुणाला इथे पोचवायचं असेल तर रात्री आठच्या आत न्या. आधार नाही म्हणून परत पाठवत असतील तर अडून बसा. आधार, रेशन कार्ड, बँक खातं काढायला मदत करणं हे निवाऱ्याचंच काम आहे. मेडिकलसमोर, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासमोर, झोपणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांनाही इथे जागा मागता येते, फक्त गेटची वेळ त्यांना जमत नाही. माणूस भ्रमिष्ट वाटत असेल तर मात्र निवाऱ्यात आणू नका, पोलिसांना कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तपासणीसाठी २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पाचपैकी अडीच. दिवसा गेट उघडं राहिलं तर साडेतीन.

अर्धा गुण नोंदवहीचा. तारीख, वेळ, नाव, अंगठा, सगळं नीट लिहिलेलं. भिक्षा कायद्यात दंडाधिकारी हमीपत्रावर सोडूही शकतात, आणि तिथे पहिला प्रश्न राहतोस कुठे हाच. त्या पानाची शिक्का मारलेली झेरॉक्स खिशात असली की उत्तर तयार. मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत. दर महिन्याला नवी मागायची, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. घामाने शिक्का पुसतो.