फ्रेटलेस बाससोबत अकरा महिने: नाशिकची हवा आणि आत्याचा तानपुरा

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा पाच तारांचा फ्रेटलेस बास घरी आला, म्हणजे असा बास गिटार ज्याच्यावर स्वरांच्या धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसतात. ऑर्डर देऊन नऊ महिने झाले होते. बाहेर वळीव कोसळत होता, आणि हात शिवशिवत असूनही मी केस उघडली नाही. बनवणाऱ्याने बजावलं होतं की एक अख्खी रात्र बंद ठेवा, लाकडाला तुमच्या गावची हवा हळूहळू लागू द्या.

हा कारागीर दक्षिणेत एकट्याने काम करतो; अशा मोजक्या, हाताने घडवलेल्या वाद्यांना ‘बुटीक’ म्हणतात. वर्षाला जेमतेम दहा-बारा वाद्यं होतात. सध्या त्याने नवं काम घेणं थांबवलंय आणि नाव कुठे छापू नका अशी विनंती केलीय, म्हणून ते देत नाही. वाद्य असं आहे: महोगनीची बॉडी, वर शिसवीचा पातळ थर, पाच पट्ट्या जोडून केलेली मेपलची नेक (मान), बोटं टेकतात तो एबनीचा फिंगरबोर्ड, ३४ इंची स्केल (तारेची मोकळी लांबी), वजन ४.१ किलो. बोर्डवर रेषा नाहीत, फक्त कडेला ठिपके. केससह १,६८,००० रुपये लागले. गणपती, नवरात्र आणि मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत चौदा वर्षं वाजवून साठवलेले पैसे होते हे, त्यामुळे काय मिळालं ते नीट सांगायला हवं.

लोक लाकूड विचारतात. माझ्या मते पैसे लाकडात कमी आणि बोर्डच्या घासकामात जास्त गेलेत. फ्रेट असलेल्या बासवर तार धातूच्या एका पट्टीवर टेकते आणि स्वर तिथेच ठरतो. फ्रेटलेसवर ती बोटाखाली लाकडावर टेकते आणि पुढच्या सबंध लाकडाला अगदी जवळून घासत थरथरते. त्या घासण्यातूनच तो ‘म्वॉ’ असा उमलत जाणारा आवाज निघतो. तो हवा असेल तर बोर्ड शेवटपर्यंत एकसारखा हवा आणि नेकला अगदी जरासा बाक हवा. कुठे केसभर उंचवटा राहिला की तिथे तार खरखरते, खोलगट राहिला की स्वर मुका होतो. माझ्या आधीच्या स्वस्त फ्रेटलेसवर जी तारेचा पाचवा स्वर गायचा आणि सातवा गप्प बसायचा. इथे पाचही तारांवर, खालच्या बी तारेवरसुद्धा, आवाज सारखा उमलतो. ही तार ३१ हर्ट्झच्या आसपास हलते, आणि बहुतेक स्वस्त पाचतारी बासवर ती नुसती गडगडते.

हे मला नीट कळलं ते आत्यामुळे. पंचवटीत तिचे गाण्याचे वर्ग चालतात, तानपुरा मिरजेचा आहे. जुलैत मी तिच्याकडे बास नेला, छोट्या अँपवर लावला आणि खर्जातला सा धरला. ती म्हणाली, “अरे, याला जवारी आहे.” मग तिने तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा किंचित सरकवून दाखवला. दोरा सरकला तसा सुराचा पडदा उघडला, पुन्हा सरकवला तसा मिटला. तत्त्व तेच. तार एका बिंदूवर सुटत नाही, रुंद पृष्ठभागाला स्पर्श करत सुटते आणि वरचे उपस्वर जागे होतात. माझ्या बासमध्ये दोऱ्याचं काम ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) आणि ब्रिजची, म्हणजे घोडीची, उंची मिळून करतात. त्या दिवसापासून मी सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणं, नुसत्या मिलिमीटरवर सोडला नाही. आधी मोजपट्टी, मग कान. सध्या जी तार ऑक्टेव्हच्या ठिकाणी बोर्डपासून साधारण २ मिलिमीटरवर आहे आणि बी पावणेतीनवर.

अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये आपल्या बासला ‘प्रिसिजन’ नाव दिलं, कारण फ्रेटमुळे स्वर नेमका लागणार होता. उभ्या डबल बासवर तो कानाने शोधावा लागे. फ्रेटलेस घेणारा माणूस ती हमी परत करतो, आणि त्याची किंमत पहिल्या तीन महिन्यांत मोजावी लागते. ३४ इंची स्केलवर पहिल्या स्वराला बोट १ मिलिमीटर सरकलं तर साधारण २ सेंटचा फरक पडतो (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). बाराव्यावर तोच मिलिमीटर ४ सेंट होतो, चोविसाव्यावर ८. शिवाय फ्रेटवर बोट पट्टीच्या मागे ठेवायची सवय असते. इथे ते फ्रेट जिथे असता नेमकं तिथे टेकवायचं. ऑगस्टभर मी रोज सकाळी पाऊण तास तानपुऱ्याची ध्वनिफीत लावून फक्त सा-प-सा वाजवलं. कंटाळा आला नाही असं नाही, पण सप्टेंबरमध्ये ठिपक्यांकडे बघणं सुटलं.

आणि मग गंधार सापडला. माझ्यासाठी या अकरा महिन्यांतली ही सर्वांत मोठी गोष्ट. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट उतरलेला असतो. बासवर चौथ्या स्वराच्या जागी ते अंतर साधारण साडेपाच मिलिमीटर भरतं, म्हणजे डोळ्यांना दिसण्याइतकं. चौदा वर्षं मी फ्रेटवर जो गंधार वाजवत होतो तो तानपुऱ्याशी कधीच मिळत नव्हता, आणि मला ते ऐकूच येत नव्हतं. आता कीबोर्ड सोबत असेल तर बोट वर ठेवतो, नुसता तानपुरा आणि गळा असेल तर खाली आणतो. पंडित द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये याच नाशिकमध्ये जन्मले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी लहानपणापासून ऐकतो, पण त्यांचा गंधार कुठे लागतो हे मला बोटांनी आत्ता कळलं.

आता तारा. सुरुवातीला स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खडबडीत) होत्या, आवाज लख्ख. सव्वादोन महिन्यांनी तिरप्या उजेडात बोर्ड पाहिला तर डी आणि जी तारेखाली बारीक चरे. एबनी कठीण असलं तरी ही तार कानशीसारखी चालते, विशेषतः मींड घेताना बोट आडवं हललं की. मग फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावल्या. बोर्ड सुखावला, पण उमलणं निम्म्यावर आलं आणि महिनाभर मी नाराज होतो. शेवटी निकेलच्या राउंडवाउंडवर स्थिरावलो. निकेल स्टीलपेक्षा मऊ, आवाज थोडा कमी चमकदार, माझ्या कामाला योग्य. कारागिराने ऑर्डर घेताना विचारलं होतं, बोर्डवर इपॉक्सीचा (कडक होणाऱ्या राळेचा) थर देऊ का? प्रसिद्ध अमेरिकी फ्रेटलेस बासवादक जाको पास्टोरियसने आपल्या १९६२ च्या जॅझ बासवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं, ते याच चऱ्यांपासून वाचायला. मी उघडं लाकूड निवडलं आणि अजूनही तेच निवडेन, कारण त्याच्या आवाजात एक ऊब आहे. पण रोज तीन तास स्टीलच्या तारांवर वाजवणाऱ्याने इपॉक्सीच घ्यावं.

नाशिकच्या हवेचा मुद्दा गंभीर आहे. ऑगस्टमध्ये भिंतींना ओल आली तशी नेक पुढे वाकली, तारा उंच झाल्या आणि जवारी गेली. ट्रस रॉड पाव फेरा आवळल्यावर परत आली. जानेवारीत निफाडकडची थंडी शहरात उतरली, हवा कोरडी झाली आणि तोच पाव फेरा सोडावा लागला. दोन्ही वेळा नेक एका रात्रीत मानली. पाच पट्ट्यांच्या नेकचे पैसे इथे वसूल झाले. घरी केसमध्ये आर्द्रतामापक ठेवतो, ४५ ते ५५ टक्क्यांत काटा राहिला की निश्चिंत.

एक चूक मात्र महागात पडली. ऑक्टोबरमध्ये कार्यक्रमाच्या घाईत शहरातल्या एका दुकानात सेटअपला दिला. त्यांनी नटमधली (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या छोट्या पट्टीतली) जी तारेची खाच इतकी खोल घासली की मोकळी तार बोर्डवर आपटायला लागली. फ्रेटलेसवर खाच आधीच बोर्डच्या लगत असते, दोन फटके जास्त पडले की संपलं. कारागिराने हाडाचा नवा नट कुरिअरने पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर दोन तास बसून तो माझ्याकडून बसवून घेतला. बुटीक या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ हाच आहे, की वाद्य ज्याने घडवलं तो फोन उचलतो.

स्टेजवर तो कसा आहे? भावगीतं आणि अभंगांना अप्रतिम. पाडवा पहाटेच्या कार्यक्रमात पहाटे साडेपाचच्या गारठ्यात तारा चढल्या, दोनदा सूर लावावा लागला, पण बासरीमागे मींड घेत गेलो तेव्हा गायिकेने वळून पाहिलं आणि पुढचा आलाप लांबवला. उलट नवरात्रात, ढोल-ताशाच्या ठेक्यावरच्या जलद गाण्यांत त्याची धार बोथट वाटते आणि मॉनिटर नीट नसेल तर स्वर ऐकूच येत नाही. तिथे मी फ्रेटवाला चारतारी नेतो. मंडपात अर्थिंग खराब असलं तरी पिकअप गुणगुणत नाहीत, हे चांगलं. वाजवून झाल्यावर केबल काढायला विसरलात तर प्रीॲम्पच्या (बासमधल्या आवाज वाढवणाऱ्या सर्किटच्या) दोन्ही बॅटऱ्या उतरत राहतात. सुट्या जवळ ठेवा.

पहिलाच बास म्हणून हा घेऊ नका. आधी पंधरा-वीस हजारांचा रेषा असलेला फ्रेटलेस सहा महिने वाजवा, तानपुऱ्यासोबत. गंधाराची ओढ लागली तर मग एखाद्या कारागिराच्या रांगेत उभे राहा, आणि ऑर्डर देताना त्याने आधी केलेल्या वाद्याच्या बोर्डवर प्रत्येक तारेचा प्रत्येक स्वर तुमच्या हाताने वाजवून बघा. माझ्या बोर्डवरचे चरे अजून उथळ आहेत. माझा कारागीर म्हणतो, दोन वर्षांनी एकदा हलकं घासून देईन, आणि तेव्हा बास घेऊन मी स्वतः जाणार आहे.