लोखंड कोल्हापुरात मिळतं, रबर मिळत नाही: पालिओ १.६ सोबत अकरा महिने

गाडी घरी आली ती टेम्पोतून. कागल तालुक्यातल्या एका गोठ्यात चार वर्षं उभी होती. एका अंगाला म्हैस, दुसऱ्या अंगाला ही. २००५ ची फियाट पालिओ १.६. रंग लाल, म्हणजे कधीकाळी लाल. ५८ हजारांना ठरली. चावी देताना काका म्हणाले, "गाडी नाद खुळा हाय, पण पेट्रोल लई पिती." दोन्ही खरं निघालं.

पालिओ म्हटलं की ज्यांना १.२ लिटर इंजिनची गाडी आणि सचिनची जाहिरात एवढंच आठवतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. १.६ हे वेगळंच जनावर होतं. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, शंभरच्या आसपास अश्वशक्ती. ही गाडी २००१ साली आली तेव्हा छोट्या गाडीला पन्नास-साठ अश्वशक्ती म्हणजे चंगळ होती. आमच्या कॉलेजच्या दिवसांत राजारामपुरीत एकाकडे होती. ती गेली की आम्ही चहा अर्धा ठेवून बाहेर यायचो. त्या अर्ध्या चहांची वसुली आता चाललीय.

घेण्याआधी मी एकच गोष्ट नीट तपासली: पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडच्या किती गाड्या बुडाल्या हे सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. कार्पेट उचललं, सीटच्या रुळांत बोट फिरवलं, हेडलाइटच्या आत गाळाची रेघ आहे का पाहिली, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. सगळं कोरडं. उंदरांनी मात्र बोनेटखालची वायरिंग पोटभर खाल्ली होती. ते तेव्हा मी किरकोळ समजलो. ऑटो इलेक्ट्रिशियनचे सहा दिवस त्यात गेले.

आता मुख्य गोष्ट. लोक घाबरवतात की फियाटचं सामान मिळत नाही, कंपनीनं इथली विक्री कधीच गुंडाळली. अर्धं खरं आहे. जे लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं आहे त्याची कोल्हापुरात काळजी करू नका. इंजिन कधीतरी तापलेलं होतं, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं होतं. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत नेलं. तिथल्या मिस्त्री मामांनी स्ट्रेटएज (सरळ पट्टी) ठेवून खालून उजेड बघितला आणि म्हणाले, "फेसिंग मारू (म्हणजे घासून सपाट करू), व्हॉल्व्ह बसवू, शनिवारी या." शनिवारी तयार. पुढच्या ब्रेक डिस्कना गंजाचे खड्डे होते. त्या लेथवर घेतल्या, पण आधी जाडी मोजून. किती पातळ चालेल याचा आकडा डिस्कवरच ठोकलेला असतो, तो न बघता टर्निंग करून देणाऱ्याकडून उठून यावं. सायलेन्सरचा एक ब्रॅकेट मिळेना, तो शेजारच्या गाळ्यात पोरानं चहा येईपर्यंत वाकवून वेल्ड करून दिला. ज्या गावात ऑइल इंजिनं आणि पंप ओतले जातात तिथं पालिओचं हेड म्हणजे काय मोठंसं नव्हे.

घोडं अडलं ते रबर आणि प्लास्टिकपाशी. लोअर आर्मचे बुश (चाकांच्या सांध्यांतली रबरं), इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ती रबरं), दारांची रबरं, कूलन्टचे ते वेडेवाकडे पाइप, बंपरच्या क्लिपा. यांतलं काहीही लेथवर होत नाही. एकानं बुश पॉलियुरेथेनमध्ये, म्हणजे रबराहून कडक प्लास्टिकमध्ये, ओतून दिले. स्टेअरिंग धारदार झालं, पण दसरा चौकातला प्रत्येक खड्डा माझ्या दातांत वाजायला लागला. दोन महिन्यांनी काढून साधे रबराचे घातले. माउंटिंग शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आलं, पेत्राचं, म्हणजे फियाटच्याच डिकीवाल्या गाडीचं म्हणून. तेच बसतं. गंमत म्हणजे ही गाडी जन्मली कुर्ल्यातच, फियाटच्या तिथल्या कारखान्यात.

टायमिंग बेल्टचं स्वतंत्र सांगतो, कारण तो तुटला तर इंजिनच जातं. तो कधी बदललाय याची कुठलीही चिठ्ठी नव्हती. "सेल मारून बघूया की" असं म्हणणारे चौघं भेटले, त्यात माझा मेहुणा पण. नाही मारला. बेल्ट, टेन्शनर, इडलर, वॉटर पंप सगळं एका दमात बदललं आणि मगच चावी फिरवली. काढलेल्या बेल्टला बोटभर लांबीची चीर होती. ती मेहुण्याला फोटो काढून पाठवली.

अलॉय व्हील्सच्या बाबतीत मात्र मी स्वतःच गाढवपणा केला. फियाटचे चार बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, इतर बऱ्याच छोट्या गाड्यांचे १०० वर. दुकानदार म्हणाला, "बसतंय की." दोन बोल्ट बसले, तिसरा तिरका गेला, आणि साठच्या वर स्टेअरिंग थरथरायला लागलं. दोन मिलिमीटरसाठी नऊ हजार अडकले. आता मूळचीच चाकं रंगवून घातलीयत आणि ती जास्त छान दिसतात.

कागदपत्रं. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. मिळतात पाच वर्षं. पर्यावरण कर वेगळा, नवी नंबरप्लेट वेगळी. जुनी गाडी बघायला जाल तर आधी आरसीवरची तारीख बघा, इंजिन नंतर.

आणि इथेनॉल. पंपावर आता वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुनं रबर कुरतडतं आणि टाकीच्या तळाचा गाळ सुटा करतं. तिसऱ्याच महिन्यात गाडी शिरोली नाक्यावर बसली, फिल्टर तपकिरी चिखलानं भरलेला. टाकी उतरवून धुतली, पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घातले. ज्या जिल्ह्यात दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जावं लागतं, तिथल्या माणसानं उसापासून होणाऱ्या इथेनॉलबद्दल तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?

चालवायला कशी आहे? वाघबिळातून पन्हाळ्याच्या चढाला लागा, तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांच्या पुढं काटा जाऊ द्या, मग विचारा. आवाज बदलतो. टर्बो नाही, त्यामुळं धक्का बसत नाही. जोर पायाबरोबर चढत जातो. हायड्रॉलिक स्टेअरिंग जड आहे, पण पुढची चाकं काय करतायत ते हाताला कळतं. माझ्या रोजच्या गाडीत ते कळत नाही, तिथं सगळं लोण्यासारखं फिरतं. गिअरचा दांडा मात्र लांब ढकलावा लागतो, आणि थंड असताना दुसरा घालायला मिन्नतवारी करावी लागते. गावात आठचं ॲव्हरेज, हायवेला अकरा. एसी पहाटे उत्तम चालतो, दुपारी लागतो तेव्हा नाही.

खर्च आतापर्यंत गाडीची किंमत धरून एक लाख ९२ हजार. आकडा पक्का आहे, कारण बायकोनं त्यासाठी वेगळी वहीच घातलीय. एवढ्या पैशांत सात-आठ वर्षं वापरलेली, मुकाट चालणारी गाडी आली असती. ज्यांना रोज शाहूपुरीत ऑफिस गाठायचंय त्यांनी तीच घ्यावी, मीही ऑफिसला दुसरीच नेतो. घरी दुसरी गाडी नसेल, किंवा ओळखीचा मिस्त्री नसेल, तर या वाटेला जाऊच नका. मला मिस्त्री मिळाला तो नशिबानं. आधी ज्याच्याकडे टाकली होती त्यानं अडीच महिने नुसती उभी ठेवली आणि परत देताना जॅक गायब.

मागच्या रविवारी आईला जोतिबाला घेऊन गेलो. उतरल्यावर म्हणाली, "गाडी चांगली हाय रे, पण मागची काच खाली का जात न्हाई?" त्या काचेच्या मशीनचा प्लास्टिकचा गिअर तुटलाय. नायलॉनमध्ये करून देतो असं उद्यमनगरातला एकजण म्हणालाय, नमुना देऊन आलोय.