प्ले प्रोटेक्ट, एम-कवच की विकतचा अँटीव्हायरस?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फोनचं कव्हर घेताना 'अँटीव्हायरसही टाकून घेऊ का?' असा विचार मनात येत असेल, तर पैसे काढण्याआधी एवढं वाचा.

फोनमध्ये आपणहून घुसणारा व्हायरस आपल्याकडे क्वचितच कुणाला छळतो. खरा ताप आहे तो व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायलींचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणाऱ्या फायलींचा. नावं मात्र साधी: लग्नपत्रिका, आरटीओ चलन, पीएम किसान. फाईल उघडली, एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी थेट भामट्याच्या हातात.

गूगलचं प्ले प्रोटेक्ट बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं, तेही फुकट. बाहेरून आलेलं ॲपही ते तपासतं. 2023 पासून अनोळखी ॲपचा कोड इन्स्टॉल करतानाच तपासायची सोय आली, ती सुरुवातीला भारतातच. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करा, प्ले प्रोटेक्ट उघडा आणि स्कॅनिंग चालू आहे ना ते बघा. 'सर, जरा ते बंद करा, मग ॲप चालेल' असं फोनवर कुणी सांगितलं, तर समोरचा चोरच समजायचा.

एम-कवच 2 हे सी-डॅकचं, म्हणजे सरकारी, आणि तेही फुकट. कोणत्या ॲपला काय परवानग्या आहेत, लपलेलं ॲप कुठलं, हे ते दाखवतं. दाखवल्यावर काढायचं मात्र तुम्हालाच. ज्याला स्वतः सेटिंग्ज चाळायची सवय आहे त्याच्या कामाचं. आजीच्या फोनमध्ये टाकून भागणार नाही.

विकतचा अँटीव्हायरस, उदाहरणार्थ पुण्याच्या क्विक हीलचा, फसव्या लिंका अडवण्यासारख्या जादा सोयी देतो. घरात एकच फोन पोरं, बाप, काका सगळेच हाताळत असतील, तर घ्या. पण फोनला कंपनीचे सिक्युरिटी अपडेट यायचे थांबले असतील, तर ती भोकं हा बुजवत नाही. तेव्हा तो पैसा नव्या फोनसाठी ठेवलेला बरा. आयफोनवाल्यांनी तर या फंदात पडूच नये. तिथे एका ॲपला दुसरं ॲप तपासताच येत नाही.

माझं मत विचाराल तर प्ले प्रोटेक्ट चालू आणि व्हॉट्सॲपला 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' करायची परवानगी बंद, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

आणि फाईल उघडून झालीच असेल, तर आधी नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. ॲप निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याची डिव्हाइस ॲडमिनची (फोनवर जादा ताबा देणारी) परवानगी काढा, मग अनइन्स्टॉल होतं.