सहा दिवसांची हमी

माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आणि त्या काढण्यासाठी मी जे पैसे मोजले ते पाण्यात गेले. उवांविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही आणि अशा सेवांचा धंदा नेमका याच संकोचावर चालतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

'घरी येऊन एकाच बैठकीत उवा-लिखांचा नायनाट, हमीसह' अशी जाहिरात होती. आलेल्या बाईंनी मुलीला खिडकीशी बसवले, टाळूपासून चांगले तीन-चार बोटे खाली असलेले पांढरे ठिपके मला दाखवले आणि ही सगळी जिवंत अंडी आहेत, असे सांगून प्रकरण 'गंभीर' ठरवले. गंभीर प्रकरणाचा दर अर्थातच वेगळा होता. उवा खरोखरच झाल्या होत्या, हे मी नाकारत नाही. परंतु जिवंत लीख टाळूलगत, साधारण 6 मिलिमीटरच्या आत चिकटलेली असते आणि केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढत असल्यामुळे इतक्या खाली दिसणारे ठिपके म्हणजे केव्हाच फुटून गेलेली रिकामी टरफले असतात, हे मला फार उशिरा कळले.

त्यांनी डोक्याला कसलेसे तेल लावले. बाटलीवर घटकद्रव्यांचा उल्लेखच नव्हता, आणि घाबरलेल्या मला तो शोधायचे सुचलेही नाही. मग गाद्या-उशांवर फवारणी झाली, तिचे पैसे निराळे. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते, आणि ती उडी मारत नाही की उडत नाही, डोक्याला डोके लागले की चालत जाते. तेव्हा ती फवारणी कशासाठी होती, हे त्यांनाच ठाऊक. जाताना 'पुन्हा होऊ नयेत म्हणून' फवाऱ्याच्या तीन बाटल्याही त्यांनी गळ्यात मारल्या.

खरी मेख हमीच्या कागदात होती. हमी सहा दिवसांची होती, आणि लीख फुटायला साधारण आठ-नऊ दिवस लागतात.

दहाव्या दिवशी मुलगी पुन्हा कानामागे खाजवू लागली. केस ओले करून मी बारीक दातांची फणी फिरवली आणि पांढऱ्या कागदावर झटकली, तर तिळाहूनही लहान अशी सात-आठ पिल्ले वळवळत होती. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते. तशी एकही त्यांत नव्हती. फोन केल्यावर 'शाळेतून पुन्हा आल्या असतील, त्याला आम्ही काय करणार' असे उत्तर मिळाले. बाहेरून आल्या असत्या तर एखादी तरी मोठी सापडली असती, सगळी एकाच वयाची पिल्ले म्हणजे मागे राहिलेल्या लिखाच फुटल्या आहेत, हे मी दोनदा समजावून सांगितले. मुदत संपली आहे, एवढेच त्या म्हणत राहिल्या.

पुढे ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून दर तीन दिवसांनी मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवण्याचा क्रम मी दोन आठवडे चालवला आणि धाकट्याचेही डोके तपासले. औषध लावायचेच झाल्यास बहुतेक औषधे लिखांना पुरती मारत नाहीत, म्हणून साधारण नवव्या दिवशी ते पुन्हा लावावे लागते, हे औषधाच्या दुकानातल्या माणसाने एका मिनिटात आणि फुकट सांगितले. फवाऱ्याच्या दोन बाटल्यांचे सीलही मी तोडलेले नाही. त्या परत घ्यायला मात्र कोणी तयार नाही.