लॉगिनसाठी फायरबेस, कॉग्निटो, ऑथझिरो की कीक्लोक?

लॉगिनची व्यवस्था स्वतः लिहू नये, तयार आयडेंटिटी सेवेवर (वापरकर्त्यांची ओळख आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेवर) सोपवावी, याबद्दल लहान टीममध्ये आता फारसा वाद उरलेला नाही. पासवर्ड साठवणे हे त्यातले सोपे काम असते. पासवर्ड विसरलेल्यांना मेल पाठवणे, ओटीपी, गूगल खात्याने प्रवेश देणे, इतरत्र चोरीला गेलेले पासवर्ड आपल्याकडे वापरून पाहणाऱ्यांना अडवणे ही कामे त्यानंतर सुरू होतात आणि संपत नाहीत. वाद उरतो तो सेवेच्या निवडीवर, आणि तिथे बहुतेक जण दरपत्रक व सुविधांची यादी पाहतात. दोन्ही दरवर्षी बदलतात. त्यामुळे उद्या ही सेवा सोडायची वेळ आली तर वापरकर्त्यांना बरोबर नेता येईल का, हे मी आधी पाहतो.

या कसोटीवर ॲमेझॉनची कॉग्निटो सर्वांत मागे पडते. तिच्यातून पासवर्डचे हॅश (पासवर्डऐवजी साठवलेली, उलट न फिरवता येणारी रूपे) बाहेर काढताच येत नाहीत. सोडताना एक तर सर्वांना नवा पासवर्ड ठेवायला सांगावे लागते, नाही तर जुनी व्यवस्था काही महिने चालू ठेवून, जो जो लॉगिन करील त्याचा पासवर्ड तिच्याकडून पडताळून नव्या ठिकाणी उतरवावा लागतो. गूगलच्या फायरबेसमध्ये कमांड लाइनवरून हॅशसह संपूर्ण यादी मिळते, परंतु तिथे स्क्रिप्ट (scrypt) या हॅश करण्याच्या पद्धतीची गूगलने बदललेली आवृत्ती वापरलेली असल्याने ती समजणारी नवी सेवा शोधावी लागते. ऑथझिरो सर्वत्र चालणारी बीक्रिप्ट ही हॅशपद्धत वापरते. मात्र हॅश हवे असतील तर सशुल्क योजनेत असावे लागते आणि साहाय्य विभागाकडे रीतसर मागणी करावी लागते. कीक्लोकमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते आपल्याच सर्व्हरवर चालवायचे सॉफ्टवेअर असल्याने डेटाबेस आपलाच असतो.

सोडून जाण्याची दुसरी बाजू कोडची आहे. ऑथझिरो, कॉग्निटो आणि कीक्लोक हे तिन्ही ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या २०१४ च्या प्रमाणपद्धतीने बोलतात. तिच्यापुरतेच कोड लिहिले असेल तर एकीकडून दुसरीकडे जाताना मुख्यतः सेटिंग बदलावी लागतात. फायरबेसचे टोकन (लॉगिन झाल्याचा डिजिटल पुरावा) प्रमाण स्वरूपाचे असले तरी लॉगिनची प्रक्रिया तिच्या स्वतःच्या एसडीकेतून (ॲपमध्ये जोडायच्या तयार कोडसंचातून) चालते, म्हणून ती सोडताना ॲपमधले कोडही बदलावे लागते.

इथपर्यंतचे सगळे पासवर्ड असलेल्या ॲपला लागू आहे. भारतातील पुष्कळ ॲप केवळ मोबाइल क्रमांक आणि ओटीपीवर चालतात, आणि तिथे न्यायला हॅशच नसतो. क्रमांकांची यादी मिळाली की काम झाले. अशा ॲपने एसएमएसचे गणित मांडावे. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांमुळे पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा नमुना डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर नोंदवावा लागतो. कॉग्निटो ॲमेझॉनच्याच एसएमएस सेवेतून संदेश पाठवते आणि तिथे या नोंदणीचे क्रमांक देता येतात. ते न दिल्यास संदेश महाग आंतरराष्ट्रीय मार्गाने जातात. फायरबेसच्या ओटीपी संदेशाचा मजकूर आपल्याला बदलता येत नाही. म्हणून ओटीपी देशी एसएमएस कंपनीकडून पाठवून, तो पडताळल्यावर फायरबेसचे कस्टम टोकन (आपल्या सर्व्हरने बनवलेले टोकन) द्यावे, हा मार्ग मला जास्त पटतो. कीक्लोकमध्ये एसएमएस ओटीपी मुळात येत नाही, त्यासाठी वेगळे एक्स्टेंशन जोडावे लागते.

कॉग्निटोबाबत आणखी एक सावधगिरी. मुंबई रीजन (ॲमेझॉनची मुंबईतील सर्व्हर केंद्रे) उपलब्ध असल्याने माहिती भारतातच ठेवता येते, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पण लॉगिन ईमेलने की युजरनेमने आणि कोणती माहिती अनिवार्य, हे युजर पूल (कॉग्निटोमधली वापरकर्त्यांची यादी) तयार करतानाच ठरते व नंतर बदलत नाही. घाईत बनवलेला पूल म्हणूनच वर्षानुवर्षे छळतो.

कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्या ग्राहकाला आपल्याच ऑफिसच्या खात्याने प्रवेश हवा असतो त्यांनी, ऑथझिरोचा विचार जरूर करावा. सॅमल (कंपनीच्या खात्याने लॉगिन करण्याची प्रमाणपद्धती) जोडणी आणि प्रत्येक ग्राहक-कंपनीची वेगळी व्यवस्था तिथे उत्तम आहे. खर्च मात्र महिन्याच्या सक्रिय वापरकर्त्यांबरोबर आणि अशा जोडण्यांबरोबर चढत जातो. २०२१ मध्ये ही कंपनी ऑक्टा या आयडेंटिटी क्षेत्रातल्याच कंपनीने सुमारे ६५० कोटी डॉलरला घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्टाच्या ग्राहक-साहाय्य प्रणालीत चोरलेल्या लॉगिन तपशिलांनी शिरकाव झाल्याचे उघड झाले. अशा घटनांत जबाबदारी सेवेवर ढकलता येत नाही: भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, काम दुसऱ्याला दिले तरी ग्राहकाला उत्तरदायी आपणच राहतो, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कीक्लोक विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. पण त्याचा जावा सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप आणि नव्या आवृत्त्या सांभाळायला माणूस लागतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या मुख्यतः ताज्या आवृत्तीलाच मिळत असल्याने अपग्रेड टाळता येत नाही. असा माणूस नसलेल्या टीमने, कितीही मोह झाला तरी, याच्या वाटेला जाऊ नये. असा माणूस असेल तर माझी पहिली पसंती यालाच आहे.

निवड कोणतीही असो, वापरकर्त्याचा मुख्य ओळख-क्रमांक (आयडी) आपल्याच डेटाबेसमध्ये तयार करावा आणि सेवेने दिलेला आयडी वेगळ्या टेबलमध्ये त्याच्याशी जोडावा, म्हणजे सेवा बदलताना ऑर्डर, पावत्या आणि इतर नोंदींना हात लावावा लागत नाही.