उंच पन्हळ साफ करायचा व्हॅक्यूम : गवत उगवलं असेल तर आधी हे वाचा

खालूनच उभं राहून छपराच्या पन्हळी साफ करणारा व्हॅक्यूम सेट, म्हणजे दोन-तीन मोटरवाला ओला-सुका व्हॅक्यूम, कार्बन फायबरचे जोडायचे पाइप आणि टोकाला कॅमेरा, हे काम जवळून बघितलं आणि खरंच आवडलं. शिडी नाही म्हणजे पडायची भीतीच नाही, आणि कॅमेऱ्यात आधीचं-नंतरचं दोन्ही दिसतं त्यामुळे काम झालं की नाही यावर वाद राहत नाही.

पण पन्हळीत गवत, शेवाळ, छोटी झाडं मुळं धरून बसली असतील तर व्हॅक्यूमच्या नुसत्या ओढीने काही होत नाही, मुळांची चटईच झालेली असते, ती आधी पाइपाच्या टोकाला खरवडणी लावून तुकडे करून सोडवावी लागते, मगच ती आत ओढली जाते नाहीतर पाइपाच्या वाकणात अडकते. उंची वाढली की ओढ पण कमी होते. ॲल्युमिनियमचे पाइप स्वस्त पण जड, लांब जोडले की डुलतात, कार्बन फायबर हलका आणि ताठ, फक्त ॲल्युमिनियमसारखीच त्यातूनही वीज वाहते हो, विजेच्या तारांजवळ दोन्ही अजिबात नको!

प्रेशर वॉशरने, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने, करतो म्हणणाऱ्याला मी तरी नकोच म्हणेन, गाळ पन्हळीचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपात जाऊन बसतो आणि भिंती खराब होतात ते वेगळंच. खूपच उंच इमारत असेल तर माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी बास्केटवाली लिफ्टच बरी. आणि शेवटी पन्हळीत पाणी सोडून खालून नीट बाहेर येतंय का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.