पहिली गाडी म्हणून १२५ सीसी गिअरलेस स्कूटर: ब्रेक, चाकं आणि उजवं मनगट

गिअर नाही, क्लचचा लिव्हर नाही, मूठ पिळली की गाडी निघते. ११० ते १२५ सीसीच्या गिअरलेस स्कूटरची ही सर्वांत मोठी जमेची बाजू. नव्या मालकाला ती अडचणीत आणते तीही इथेच. गिअरची गाडी शिकताना पहिले काही दिवस इंजिन बंद पडण्यातच जातात, त्यामुळे वेग आपोआप ताब्यात राहतो. स्कूटर मात्र पहिल्याच दिवशी ५० चा वेग गाठून देते आणि तो वेग थांबवणारा हात तेव्हा तयार झालेला नसतो. मायलेज आणि दिसणं बाजूला ठेवून, नवखा माणूस ही गाडी कितपत सुरक्षित चालवू शकेल एवढंच इथे पाहिलं आहे.

सुरुवात ब्रेकपासून, कारण या गाड्यांमध्ये सर्वांत कमी समजलेली गोष्ट तीच आहे. डाव्या हाताचा लिव्हर मागच्या चाकाचा, उजव्या हाताचा पुढच्या चाकाचा. नवे चालक बहुतेक वेळा डाव्यावरच भिस्त ठेवतात, कारण पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते असं कोणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर सरकतं. पुढच्या टायरची पकड वाढते, मागचा टायर हलका होतो आणि जरा जोरात दाबलं की मागचं चाक जाम होऊन फरफटत जातं. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकापाशी असल्यामुळे तिचा मागचा ब्रेक मोटरसायकलच्या मानाने थोडा जास्त उपयोगी पडतो, हे खरं. तरी गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. हॅरी हर्ट यांच्या गटाने अमेरिकेत केलेल्या दुचाकी अपघातांच्या अभ्यासाचा अहवाल १९८१ मध्ये आला. ऐन वेळी मागचा ब्रेक वाजवीपेक्षा जास्त दाबून घसरणं आणि पुढचा पुरेसा न वापरणं, ही चूक त्यातही ठळकपणे नोंदलेली आहे.

आकड्यात पाहू. ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला तर ११ मीटर तिथेच संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण १२ मीटरमध्ये गाडी उभी राहते. नुसत्या मागच्या ब्रेकवर त्याच अंतराचे २० मीटर होतात. ६० च्या वेगाला दोन्ही ब्रेक लावूनही, तो एक सेकंद धरून, ४५ मीटरच्या आसपास लागतात. वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं.

आता बहुतेक स्कूटरना सीबीएस, म्हणजे कॉम्बी ब्रेक असतो. डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. नवख्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे, पण तिच्याबद्दल दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला, सीबीएस असला की चाक जाम होत नाही. होतं. चाक जाम होऊ न देणं हे एबीएसचं काम, आणि ती यंत्रणा वेगळी. दुसरा, डावा लिव्हर दोन्ही चाकांना पोचतो म्हणजे उजव्याची गरज नाही. सीबीएसमधून पुढच्या चाकाला मिळणारा ब्रेक मर्यादित असतो. पुरता थांबवायला उजवा लिव्हर लागतोच. निवड हातात असेल तर पुढे डिस्क ब्रेक घ्यावा, आणि पुढच्या चाकाला एबीएस मिळत असेल तर डिजिटल मीटर, ब्लूटूथ वगैरे सगळं सोडून तो घ्यावा.

ब्रेक दाबायची पद्धत दोन टप्प्यांची. आधी दोन्ही लिव्हर हलके ओढून वजन पुढे येऊ द्यायचं, पुढचे शॉकअब्सॉर्बर बसल्याचं हाताला जाणवतं. मग दाब वाढवत न्यायचा. एकदम खेचलं तर वजन पुढे येण्याआधीच चाक जाम होतं. हा सराव मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर करावा: २० च्या वेगाने सुरुवात, एका खुणेपाशी ब्रेक, पावलांनी अंतर मोजणं. दहा वेळा नीट जमलं की ३०, मग ४०. मागचं चाक फरफटल्याचं जाणवलं तर डावा लिव्हर थोडा सैल करायचा. पुढचं फरफटलं तर उजवा ताबडतोब सोडायचा आणि पुन्हा हलकेच ओढायचा. नव्या गाडीत हा सराव आणखी एका कारणासाठी हवा. नवे ब्रेक शू आणि पॅड पहिल्या दोनेकशे किलोमीटरमध्ये हळूहळू बसतात. तोवर ब्रेक थोडा कमीच लागतो.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: हँडल वळलेलं असताना, अगदी चालण्याच्या वेगातसुद्धा, पुढचा ब्रेक खेचायचा नाही. नव्या गाडीवरचे पहिले ओरखडे बहुधा असेच येतात. यू-टर्न घेताना, पार्किंगमधून निघताना, गेटमधून वळताना नुसता डावा ब्रेक हलका धरायचा, मूठ किंचित उघडी ठेवायची आणि नजर चाकासमोर न ठेवता जिथे जायचंय तिथे न्यायची.

दुसरं नेहमीचं पडणं उजव्या मनगटामुळे होतं. मनगट खाली लटकतं ठेवून मूठ धरली तर गाडी पुढे झेपावताच शरीर मागे जातं, शरीराबरोबर हात मागे येतो आणि मूठ आणखी पिळली जाते. घाबरून चारही बोटांनी ब्रेक पकडायला जावं तर मूठ अजून फिरते. यावर उपाय सोपा आहे. निघण्याआधी मूठ बंद असताना मनगट हाताच्या सरळ रेषेत ठेवायचं. म्हणजे हात मागे खेचला गेला तरी मूठ फार पिळली जात नाही. लिव्हरवर दोन बोटं कायम ठेवायची. इंजिन चालू असताना गाडी हाताने ढकलायची नाही, आणि पुढे मुलाला उभं करून इंजिन चालू ठेवायचं नाही. गिअर नसलेल्या गाडीला न्यूट्रल नसतो, मूठ फिरली की ती निघाली.

गिअरलेस म्हणजे क्लच नाही असं नाही, तो दिसत नाही इतकंच. इंजिनचा वेग वाढला की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन पकडतात, वेग उतरला की सुटतात. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. उतारावर कळतं. मूठ पूर्ण बंद करून हळूहळू उतरत असताना क्लच सुटला की गाडीला मागे धरून ठेवणारी इंजिनाची ओढ संपते आणि गाडी सायकलसारखी मोकळी धावू लागते. पाय घाबरून खाली जातात ते इथेच. अशा वेळी क्षणभर थोडी रेस देऊन क्लच पकडू द्यायचा आणि मूठ सोडायची. ओढ परत येते. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नये. दाबून वेग उतरवायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, नाहीतर ड्रम तापून पकड कमी होते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरणं हा शुद्ध धोका आहे. चढावर उलट चूक होते: ब्रेक न धरता मूठ अर्धवट उघडी ठेवून गाडी जागेवर तोलणं. क्लच तापतो, काही महिन्यांत निघताना गाडी थरथरायला लागते.

चाकांबद्दल थोडं सविस्तर, कारण शोरूममध्ये याची चर्चा फारच कमी होते. १९४६ ची पहिली व्हेस्पा कोरादिनो द'अस्कानियो या विमान क्षेत्रातल्या अभियंत्याने आखली आणि तिची चाकं होती ८ इंची. पाय ठेवायला मोकळी जागा, मागे झाकलेलं इंजिन, छोटी चाकं, हा आराखडा तिथून चालत आलेला आहे. चाक लहान असलं की गाडी अरुंद जागेत पटकन वळते, पण खड्ड्यात जास्त खोल उतरते आणि त्याची कड जास्त सरळ आपटते. १० इंची चाकाला जो खड्डा हँडल हिसकावून घेतो, तोच १२ इंची चाक बऱ्यापैकी गिळतं. पहिली गाडी घेताना पुढचं चाक १२ इंची असलेली पाहावी. खड्डा चुकवणं शक्य नसेल तर ब्रेक खड्ड्याआधी मारून, कडेपाशी सोडून द्यायचा, कारण ब्रेकखाली दबलेले शॉकअब्सॉर्बर धक्का घेऊ शकत नाहीत. हँडल घट्ट आवळू नका, गुडघे आणि कोपरं सैल राहू द्या.

हवेचा दाब हा फुकटचा सुरक्षा भाग आहे. बऱ्याच स्कूटरना पुढे २२ पीएसआय, मागे एकट्यासाठी २९ आणि डबल सीटला ३६ असा दाब दिलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा स्टिकरवर किंवा पुस्तिकेत बघून तोच धरायचा. मोजायचा टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा. पुढची हवा कमी झाली की हँडल जड होतं आणि वळणावर गाडी बसल्यासारखी वाटते. जास्त झाली की ओल्या रस्त्यावर पकड जाते. नवे टायर वरून गुळगुळीत असतात, त्यामुळे पहिले दीडशे किलोमीटर वळणावर जास्त झुकू नये आणि जोरात ब्रेक मारण्याची वेळ येऊ देऊ नये.

वेग उतरत असताना हँडल थरथरत असेल तर ते स्कूटरचं वैशिष्ट्य म्हणून सोडून देऊ नका. आधी हवा, मग टायर एका बाजूने झिजलाय का, आणि मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासून घ्या. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं आणि मध्येच अडकल्यासारखं झालं तर कोनसेट खराब आहे. मागे जड डिकी बसवली किंवा हँडलला पिशव्या अडकवल्या तरी हीच थरथर येते, तेव्हा सामान सीटखाली किंवा पायांमधल्या हुकला, आणि तेही पाय ठेवायला जागा राहील इतकंच. मागे माणूस बसला की पुढचं चाक हलकं होतं, ब्रेकचं अंतर वाढतं आणि चढावर हँडल तरंगतं. पहिले पाचशे किलोमीटर तरी एकट्यानेच चालवावी.

पावसात सर्वांत घसरडा काळ पहिल्या सरीचा असतो. रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, ती वाहून जायला वेळ लागतो. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, रूळ हे सगळं सरळ हँडलने, ब्रेक आणि रेस दोन्ही न देता ओलांडायचं. पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक ओला होतो. हळू चालवत लिव्हर दोनचार वेळा हलका दाबला की सुकतो. पाणी मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टच्या केसिंगमध्ये शिरलं तर रेस वाढते पण गाडी ओढत नाही. इंजिनच बुडून बंद पडलं असेल तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलत न्यायची.

हेल्मेट गाडीबरोबर मिळालं म्हणून तेच वापरावं असं नाही. डोक्यावर घालून मागची कड वर ढकलून बघा. पट्टा लावलेला असताना ते पुढे निसटत असेल तर तो आकार तुमचा नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच ढील हवी. मोठा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला फोम एकदाच दबतो. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात आहे. एवढा फरक गाडीतला कोणताही पार्ट करत नाही.

हर्ट अहवालात आणखी एक निरीक्षण होतं: दुचाकी आणि दुसरं वाहन यांच्या टकरींपैकी साधारण दोन तृतीयांशात समोरच्या वाहनाने दुचाकीचा रस्त्यावरचा हक्क मोडला होता. चौकात समोरच्या चालकाने आपल्याकडे पाहिलं, यावर विसंबू नका. त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवा. ते फिरलं की गाडी येणार. तोवर मूठ बंद, बोटं ब्रेकवर.

उंचीच्या बाबतीत या गाड्या नवख्याला मानवतात. वजन बहुधा १०५ ते ११५ किलो आणि सीट बुटकी, त्यामुळे बहुतेकांचे पाय टेकतात. घेण्याआधी मेन स्टँडवर लावून पाहा. हाताने उचलायची नसते: स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि त्याच्या दांड्यावर शरीराचं वजन टाकायचं. साइड स्टँड खाली असताना इंजिन चालू न होणारी गाडी मिळाली तर ती घ्या. विसरलेला साइड स्टँड वळणावर जमिनीला अडकतो.

देखभाल थोडी आहे पण चुकवण्यासारखी नाही. ड्रमच्या ब्रेक लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे ब्रेक लागण्याआधी लिव्हर जितका हलतो ते अंतर, टोकापाशी १० ते २० मिलिमीटर असावी. शू झिजत गेले की ती वाढते, आणि मागच्या चाकापाशी असलेली नट फिरवून घरीही बसवता येते. नट बसवल्यावर चाक हाताने फिरवून ते घासत नाही ना हे बघायचं. पहिली सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवरच करा, कारण नव्या इंजिनातला धातूचा बारीक चुरा त्याच ऑइलबरोबर निघून जातो. त्याच वेळी पुढच्या ॲक्सलची आणि सायलेन्सरची नट आवळून घ्यायला सांगा, आणि मूठ सोडल्यावर ती आपोआप पूर्ण मागे येते का हे हँडल दोन्ही टोकांना वळवून स्वतः तपासूनच गाडी बाहेर काढा.